आजीचं नाव, पणजीचं नाव

लग्नाची नोंद करायला आलेल्या मुलीला तिच्या आजीचं नाव विचारलं, तर त्यात वावगं काय? आपल्याकडे स्थळ बघताना आजोळ, मामाचं कूळ, सगळं खणून काढतात. नागरिकशास्त्र शिकवत होते तेव्हा हा प्रश्न मी दरवर्षी दहावीच्या वर्गात टाकायचे आणि पोरं एका सुरात म्हणायची, "काहीच नाही बाई." मग मी सांगायचे की हाच प्रश्न विचारला म्हणून आपल्या अलिबाग-पेणकडून गेलेली माणसं १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला रस्त्यावर ठिय्या देऊन बसली होती आणि त्यांच्यासाठी तिथल्या संसदेची खास बैठक बोलवावी लागली होती. वर्ग गप्प व्हायचा. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, "बाई, अलिबागची माणसं तिकडे काय करत होती?"

ते प्रकरण इथे सबंध मांडते आहे. अलिप्तपणे मांडता येईल असं वाटत नाही, कारण त्याची एक बाजू माझ्या लहानपणच्या शेजारघरातून मला माहीत आहे.

शनिवारचे तेली

अलिबागला इस्राएल आळी आहे, आळीत 'मागेन आबोथ' हे सिनेगॉग आहे. आमचे आजोबा त्याला 'यहुद्यांची मशीद' म्हणत आणि यहुदी शेजारीही तसंच म्हणत, त्यात कुणाला काही खटकत नसे. आमचं घर आळीच्या तोंडाशी. आम्ही आगरी, शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. शेजारच्या मावशीची आई आणि माझी आजी एकाच ओट्यावर बसून वाल सोलायच्या.

हे लोक कोकणात आले कधी याबद्दल त्यांचीच परंपरा सांगते की दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. नवगावला ती दफनभूमी दाखवतात. वाचलेल्यांनी घाणे घातले, तेल गाळायला लागले. शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने नाव दिलं 'शनवार तेली'. त्यांच्याकडे ग्रंथ उरले नव्हते. उरली होती सुंता, शनिवारची सुट्टी, खाण्यापिण्याचे काही नियम आणि 'शेमा यिस्राएल' हे प्रार्थनेचं एक वाक्य. जन्मापासून मौतीपर्यंत प्रत्येक प्रसंगी तेवढंच म्हणायचं.

सणांची नावं बघा. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाला दारफाळणीचा सण. ज्यूंचं मंदिर पाडलं गेलं त्या शोकदिनाला बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी बिरडं खायचं. पुरीम म्हणजे होळीचा सण. रोश हशाना, म्हणजे ज्यूंचं नववर्ष, तो नव्याचा. पंचांग हिब्रू, नावं तोंडात बसतील अशी. आडनावं तर गावांचीच: पेणकर, राजपूरकर, केहीमकर, चेउलकर, दिवेकर. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली ज्याने बांधलं तो कंपनी सरकारच्या फौजेतला शामुएल इझिकेल दिवेकर. घरी आणि पलटणीत त्याला समाजी हसाजी म्हणत. तो टिपूच्या कैदेत सापडला होता. टिपूच्या आईने त्याला जात विचारली, त्याने 'बेने इस्राएल' सांगितलं, हे नाव कुराणात आहे म्हणून तिने त्याला वाचवलं, असं समाजात सांगतात. खरं-खोटं काहीही असो, गोष्टीतला प्रश्न महत्त्वाचा आहे. "तुझी जात काय?" कोकणात, श्रीरंगपट्टणात, सगळीकडे प्रश्न हाच, आणि त्याला एका शब्दाचं उत्तर पुरत असे.

मावशीच्या घरचा मलिदा मला आजही तसाच दिसतो. मोठी परात, तीत भिजवलेले पोहे, गूळ, खवलेलं खोबरं, वेलची. कडेने फळं लावलेली, वर गुलाबाचं फूल. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने प्रार्थना व्हायची, अर्धी हिब्रू, अर्धी मराठी. आम्ही मुलं प्रार्थनेच्या शेवटाकडे कान लावून दाराशी उभी, कारण नंतर द्रोणात प्रसाद मिळायचा. आमच्या आजीच्या लेखी एलियाहू हा आपल्या पिरांसारखाच कुणीतरी नवसाला पावणारा. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या चाकाची खूण दगडावर आहे, तिथे नवस बोलायला लोक जात.

हे सगळं फार गोड वाटतं आणि इथेच घसरायला होतं. 'बघा आमचा महाराष्ट्र, दोन हजार वर्षांत ज्यूंना इथे कधी त्रास झाला नाही' असं भाषण मीही केलेलं आहे. त्रास झाला नाही हे खरं. पण का झाला नाही? गावाने त्यांच्यासाठी एक खण केला, त्यावर 'तेली, शनिवारचे' अशी चिठ्ठी लावली आणि विषय संपवला. खणाबाहेर लग्न नाही, खणाबाहेर पंगत नाही. माझी आजी त्यांच्या ओट्यावर बसायची पण त्यांच्या घरचं पाणी प्यायची नाही. मलिदा चालायचा, तो प्रसाद म्हणून. हे मला कळायला पंचविशी उलटावी लागली.

समाजाच्या आतही तेच होतं. बेने इस्राएलांत 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग होते. गोरे म्हणजे गलबतातून वाचलेल्यांचे थेट वंशज समजले जाणारे, काळे म्हणजे बाहेरच्या बायकांपासून झालेल्यांची प्रजा समजली जाणारी. दोघांत रोटी-बेटी व्यवहार नव्हता. आणि मुंबईत बगदादी ज्यू व्यापारी आले तेव्हा त्यांनी ह्या सगळ्यांनाच, गोरे काय नि काळे काय, एका मापाने मोजलं. १८३६ मध्ये त्यांनी सरकारकडे मागणी केली की सामाईक दफनभूमीत आम्हाला आणि बेने इस्राएलांना वेगळं करणारी भिंत घाला. म्हणजे 'तू खरा ज्यू कशावरून?' हा प्रश्न जेरुसलेमच्या आधी मुंबईत, मेलेल्या माणसांनाही विचारून झाला होता.

परिपत्रक

१९४८ मध्ये इस्रायल झाला तेव्हा भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. त्यांना कुणी हाकललं नव्हतं. कुणी धर्मासाठी निघालं, कुणी नोकरीसाठी, पुष्कळजण मोठा भाऊ गेला म्हणून. १९५० च्या 'परतीच्या कायद्या'ने जगातल्या कुठल्याही ज्यूला इस्रायलमध्ये येऊन राहण्याचा हक्क दिला होता. येताना पूर्वजांचा दाखला कुणी मागितला नाही. नागरिकत्व मिळालं, वाळवंटाकडच्या नव्या गावांत खोल्या मिळाल्या, मुलं फौजेत गेली.

सुरुवातीची वर्षं वाईट गेली. बेरशेवात दुकानदार गोऱ्या ज्यूंना पांढरा पाव देतो आणि आम्हाला काळा, अशी तक्रार त्यांतल्या काहींनी केली होती. ती नोंदलेली आहे. काहींनी 'आम्हाला परत भारतात पाठवा' म्हणून धरणं धरलं आणि १९५२ मध्ये ज्यूंना इस्रायलमध्ये आणून वसवणाऱ्या ज्यू एजन्सीने शंभरावर लोकांना विमानाने मुंबईला परत आणून सोडलंही. त्यांतले बरेचसे पुढे पुन्हा तिकडेच गेले. या येण्या-जाण्यावर कुणी हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. परत आल्यावर त्यांना कळलं असणार की मुंबईत आता आपला खणही राहिलेला नाही.

खरी गाठ पडली ती लग्नात. इस्रायलमध्ये नोंदणी पद्धतीचं लग्न नाही. १९५३ च्या कायद्याने ज्यूंची लग्नं आणि काडीमोड पूर्णपणे रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, न्यायालयांकडे दिली. सरकारने आणि धर्माने दोन खिडक्या वाटून घेतल्या. पहिल्या खिडकीवर तुम्ही ज्यू म्हणून आत आलात, दुसऱ्या खिडकीवर तोच माणूस 'चौकशीअंती ठरवू' झाला. कोकणात पहिली खिडकी नव्हतीच, त्यामुळे दुसरी कधी टोचली नाही.

१९६० च्या सुमारास काही रब्बींनी बेने इस्राएल मुलामुलींची इतर ज्यूंशी लग्नं लावायला नकार दिला. ओरड झाली. मुख्य रब्बी मंडळाने विचार करून ऑक्टोबर १९६१ मध्ये निर्णय दिला: बेने इस्राएलांशी लग्नाला हरकत नाही. समाजात आनंद झाला. आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये त्या निर्णयाच्या अंमलबजावणीच्या सूचना निघाल्या. आपल्याला हा प्रकार नवा नाही. शासन निर्णय उदार असतो आणि मग त्याचं परिपत्रक येतं.

सूचना अशी: बेने इस्राएल आणि इतर ज्यू यांच्या लग्नाची नोंद करताना रब्बीने अर्जदाराची आई, आजी आणि जमेल तितकं मागे जाऊन त्या ज्यू होत्या का ते तपासावं. आईवडिलांच्या आणि त्यामागच्या पिढ्यांत कुणी काडीमोडीनंतर दुसरं लग्न केलं होतं का, धर्माने निषिद्ध नात्यात लग्न झालं होतं का, तेही पाहावं. शंका राहिली तर प्रकरण जिल्ह्याच्या धर्मन्यायालयाकडे पाठवावं.

शंका कसली होती ते नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर रब्बी नुसते खलनायक दिसतात. ज्यू धर्मशास्त्रात काडीमोड विधिवत लिहिलेल्या पत्राशिवाय होत नाही. त्या पत्राला 'गेट' म्हणतात. गेट नसताना बाईने दुसरं लग्न केलं, तर त्या लग्नाची संतती 'ममझेर' ठरते, आणि ममझेरचा डाग पिढ्यान्‌पिढ्या पुसत नाही. त्याला इतर ज्यूंशी लग्नच करता येत नाही. तसंच निपुत्रिक विधवेला दीराकडून 'खलित्सा' नावाचा विधी करून मोकळं व्हावं लागतं. आता कोकणात शतकानुशतकं रब्बी नव्हते, गेट लिहिणारं कुणी नव्हतं. मग तिथे कुणा बाईचा काडीमोड झाला असेल, तिने दुसरं घर केलं असेल, तर? एका समाजात असा डाग असण्याची शक्यता उरली, तर उद्या कडवे लोक त्या समाजाशी सोयरीकच थांबवतील आणि राष्ट्राचे लग्नापुरते दोन तुकडे होतील. ही भीती उगाच नव्हती.

यावर समाजाच्या बाजूने जे उत्तर होतं ते वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. उत्तर असं: आमच्यात काडीमोड जवळजवळ होतच नसे आणि विधवांची लग्नंही होत नसत. का? शेजारच्या हिंदूंमध्ये होत नसत म्हणून. म्हणजे ज्या चालीविरुद्ध महात्मा फुले आणि कर्वे आयुष्यभर झगडले, ती चाल इथे ज्यू वंशाच्या शुद्धतेचा पुरावा म्हणून उभी राहत होती. जन्मभर कोपऱ्यात बसलेल्या कुणा आजीचं वैधव्य पंचाहत्तर वर्षांनी नातीच्या लग्नाला कामी येणार होतं.

पेणची आजी

मावशीची थोरली बहीण आधी इस्रायलला गेली. १९६३ मध्ये तिचं लग्न ठरलं, मुलगा मोरोक्कोकडचा ज्यू. नोंदणीच्या कचेरीत (गाव सांगत नाही) तिला आईचं नाव विचारलं, ते तिने सांगितलं. आईच्या आईचं विचारलं, तेही कसंबसं सांगितलं. तिच्या आईचं? थोरलीला आठवेना. घरात त्या म्हातारीला सगळे 'पेणची आजी' म्हणत. तिने तेच सांगितलं. कारकुनाने दोनदा विचारून 'पेन' असं काहीतरी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न टाकला, तिचं लग्न कुठे झालं, कुणी लावलं?

हा किस्सा मावशी हसत सांगते. थोरली कधी हसली नाही म्हणे.

या किश्श्यात प्रकरणाचं सगळं मर्म आहे असं मला वाटतं. आपल्या नावाची रचना बघा: स्वतःचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गावाचं आडनाव. पेणकर म्हटलं की बापाकडून बापाकडे असा सरळ पेणपर्यंत रस्ता जातो. बाईचं मात्र लग्नात नाव बदलतं आणि म्हातारपणी तेही गळून 'पेणची', 'चौलची', 'नागावची' एवढीच उरते. बेने इस्राएलांनी ही रीत आपल्याबरोबरच उचलली. त्यांची बापाकडची वंशावळ आडनावातच लिहिलेली होती. रब्बींना हवी होती आईकडची, कारण ज्यू धर्मात वंश आईकडून चालतो. कोकणाने जी बाजू कधी लिहूनच ठेवली नव्हती, नेमका तिचाच कागद मागितला गेला.

आणि दुसरी गोष्ट. थोरलीला राग आला तो नावं विचारल्याचा नव्हे. "पोलंडच्या मुलीला विचारत नाहीत, मला विचारतात," हा राग होता. युरोपातल्या गावांची दप्तरं नाझींनी जाळली होती, तिकडच्या पणज्यांचाही पुरावा कुणाकडे नव्हता. तरी परिपत्रकात नाव आलं ते एकाच समाजाचं.

पायऱ्यांवर

समाजाने आधी अर्ज-विनंत्या केल्या, शिष्टमंडळं नेली. दोन वर्षं गेली. मग १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरच्या गावांतून बेने इस्राएल जेरुसलेमला आले आणि ज्यू एजन्सीच्या इमारतीसमोर बायकापोरांसह बसले. उपोषणं झाली. मुख्य रब्बी यित्झाक निसीम यांचा पुतळाही जाळला गेला. त्या वेळी इस्रायलमध्ये हा समाज सात-आठ हजारांच्या आसपास असेल. एवढ्याशा लोकांनी देशाचं लक्ष वेधलं त्याचं एक कारण मला असं दिसतं की बसायचं कसं हे त्यांना ठाऊक होतं. १९३० आणि १९४२ ज्यांनी मुंबईत डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांना सत्याग्रह कुणी शिकवावा लागत नाही. इस्रायलचे नागरिक म्हणून हक्क मागायला ते बसले ते अस्सल भारतीय पद्धतीने.

१७ ऑगस्ट १९६४ रोजी पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने क्नेसेटच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, खास बैठकीत जाहीर केलं की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, लग्नासकट सर्व बाबतींत त्यांचे हक्क इतर ज्यूंइतकेच आहेत. रब्बी मंडळाने लोकभावना लक्षात घेऊन अन्यायाची भावना दूर करण्याचा मार्ग काढावा, अशी अपेक्षाही सभागृहाने व्यक्त केली. शब्द जपून वापरलेले दिसतील. सरकारने रब्बींना हुकूम दिला नाही, देण्याची त्याची तयारी नव्हती. आघाडीचं राजकारण होतं, आणि लग्नाची खिडकी आपणच त्यांच्या हवाली केलेली होती.

३१ ऑगस्टला रब्बी मंडळाने सूचना बदलल्या. 'बेने इस्राएल' हे शब्द काढले आणि तिथे 'ज्यांच्या बाबतीत शंका आहे असे कोणीही' अशा अर्थाचा मजकूर घातला. ठिय्या उठला.

हा विजय होता का? वर्गात मी या ठिकाणी थांबून हात वर करायला सांगायचे. निम्मी मुलं 'हो' म्हणायची, निम्मी 'नाही'. माझं स्वतःचं उत्तर वयाप्रमाणे बदललं. तरुणपणी वाटायचं, निव्वळ शब्दांची फिरवाफिरव. प्रश्न तसाच, फक्त पत्ता खोडला. आणि खरंच, त्यानंतरच्या दशकांतही अधूनमधून कुठल्यातरी गावचा रब्बी एखाद्या बेने इस्राएल जोडप्याला अडवायचाच. १९८० च्या दशकात इथिओपियाहून ज्यू आले तेव्हा त्यांच्याकडे तर नाममात्र धर्मांतराचा विधीच मागितला गेला आणि १९८५ मध्ये तेही जेरुसलेमला रब्बी मंडळासमोर बसले.

आता मात्र वाटतं, पत्ता खोडणं ही लहान गोष्ट नव्हती. छापील कागदावर तुमच्या समाजाचं नाव आणि त्यापुढे शंका, हे एकदा रूढ झालं की पोरं ते नाव लपवायला शिकतात. काहींनी '-कर' गाळलंच होतं. नाव खोडल्यावर शंका घेणाऱ्याला निदान प्रत्येक वेळी नवं कारण शोधावं लागतं. माझ्या एका सहकाऱ्याला हे पटत नाही, तो म्हणतो तू म्हातारी झालीस. असेन.

खण आणि परीक्षा

कोकण चांगलं आणि इस्रायल वाईट, असा निष्कर्ष या प्रकरणातून सहज काढता येतो आणि तो आपल्याला आवडतोही. मला तो चुकीचा वाटतो. कोकणाने त्यांना जागा दिली, पण बरोबरी दिली नाही. ती कुणालाच नव्हती. जातीची उतरंड हीच तर आपली व्यवस्था. जिथे सगळे वेगळेच असायचे ठरलेले आहेत, तिथे तुम्ही खरे कोण हे तपासण्याची गरज कुणाला पडत नाही. चिठ्ठी वाचली, खण दाखवला, झालं. इस्रायलने बरोबरी देऊ केली, 'आपण सगळे एक राष्ट्र' म्हटलं, आणि जो एक होऊ पाहतो त्याचीच परीक्षा होते. शेजाऱ्याला कुणी कूळ विचारत नाही, जावयाला विचारतात.

मावशी १९७१ मध्ये इस्रायलला गेली. मी नऊ वर्षांची होते. एसटी स्टँडवर आमची आजी तिच्या गळ्यात पडून रडली, आणि त्या दिवशी मावशीने दिलेल्या तांब्यातलं पाणी तिने घटाघटा प्यायलं, एवढं मला लख्ख आठवतं. तेव्हा भारताची इस्रायलमध्ये वकिलात नव्हती. पूर्ण संबंध १९९२ मध्ये जुळले. त्यामुळे मधली वीस वर्षं मावशी म्हणजे वर्षाला एक पत्र, मराठीत, 'सौ. वहिनीस सा. न.' अशा सुरुवातीचं. आता ती अश्दोदला असते, मोबाइलवर दिसते. नातवंडं तिच्याशी हिब्रूत बोलतात, ती उत्तर मराठीत देते. तिकडे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघतं, ते ती जपून ठेवते. पोहे तिथे मिळतात, मलिदा होतो.

"तू कोण गो?" असं मी एकदा तिला सरळच विचारलं होतं, या लेखासाठीच. ती म्हणाली, "हितं मी होदीत." होदीत म्हणजे हिंदी, भारतीण. "तितं होते तवा मी यहुदीण. जितं असते तितलं नावच लागत नाय मला." मग लगेच म्हणाली, "पन झेंडा फडकला का रडू मात्र ह्याच झेंड्याला येतं, माज्या नातवाने त्याच्याखाली नोकरी केली ना." मी तिच्याकडून जरा वेगळ्या उत्तराची अपेक्षा करत होते. अलिबागचं नाव निघेल असं वाटलं होतं. नाही निघालं.

इथे राहिलेल्यांची गोष्टही अर्धीमुर्धी सांगून टाकते. महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये. तोपर्यंत ते इतके उरले होते की सरकारी कागदावर बऱ्याचदा 'इतर'मध्ये जायचे. खणही शेवटी मागून घ्यावा लागला.

घरचा कागद

दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा होता. जात वैधता प्रमाणपत्र हवं. आगरी, इतर मागासवर्ग, म्हणजे १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा पाहिजे. आमच्याकडे कुणी शाळेत गेलेलंच नव्हतं त्या काळी. शेवटी भाचा तहसील कचेरीतून कोतवाल बुकाची नक्कल काढून घेऊन आला. मोडी लिपी, वाचून घ्यायला पैसे मोजले. त्यात आमच्या खापरपणजोबांच्या मृत्यूची नोंद सापडली: नाव, बापाचं नाव, जात आगरी, वय अंदाजे, मौतीचं कारण पटकी. भाच्याने जात आगरी त्या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला होता. त्या एका शब्दासाठी तो बिचारा माणूस दीडशे वर्षांनी वर आला.

हा कागद आणि थोरलीला मागितलेला कागद एकच, असं मी म्हणणार नाही. आमचा कागद पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेलं काही थोडं परत मिळावं म्हणून मागतात, खोट्या दाखल्यावर दुसरा कुणी ते लाटू नये म्हणून तपासतात. तरी कचेरीच्या बाकावर बसून वाट बघताना पोरीने भाच्याला विचारलं होतं, "बाबा, आपण आगरी आहोत हे सगळ्या गावाला माहीत आहे ना?" थोरलीला त्या खिडकीपाशी काय वाटलं असेल ते तेव्हा मला थोडं कळलं.

आमच्या वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर वरपासून खालपर्यंत पुरुषच आहेत. पोरीपासून बाप, आजोबा, पणजोबा, असं सरळ वर. एकही बाई नाही, विचारलेलीच नाही.

गंमत म्हणून तो कागद मी मावशीला मोबाइलवर दाखवला. तिने चष्मा लावून सगळी नावं वाचली. मग म्हणाली, "आनि तुज्या आईच्या आईची आई? तिचं नाव काय, बाय?"

मी विचार केला. ती रेवदंड्याची होती. रेवदंड्याची म्हातारी म्हणत तिला.

"ठाऊक नाही गो मावशी."

"ठाऊक नाय?" मावशी खदखदून हसली. तिकडून तिच्या नातीने हिब्रूत काहीतरी विचारलं, तिला हाताने थांब म्हणत मावशी मला म्हणाली, "मंग तुजं लगीन लावलं कुनी?"